काकडीचं विमान आणि सात किलोंची पिशवी

विमान म्हणजे गच्चीवर उभं राहून मुलांना बोटानं दाखवायची वस्तू, असे दिवस आपल्या नगर जिल्ह्यात फार जुने नाहीत. १ ऑक्टोबर २०१७ रोजी त्यावेळचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते शिर्डीच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावाचं नाव एकदम सगळीकडे गेलं. काकडी म्हटलं की आपल्याला कोशिंबीर आठवायची. आता तिथे हैदराबाद-चेन्नईकडची मंडळी बाबांच्या दर्शनाला उतरतात, आणि आपल्याकडच्या आयाबाया लेकीकडे, मुलाकडे जायला तिथूनच चढतात. राहाता, संगमनेर, श्रीरामपूरच्या घरांत ‘विमानानं गेले होते’ हे वाक्य आता बाजारातून आल्याइतकं सहज निघतं.

पण या प्रवासाहून परतलेल्या बायका एकत्र जमल्या की बोलणं ढगांवर होत नाही, पैशांवर होतं. ‘तिकीट अडतीसशेचं म्हणाले होते हो, आणि पोचेपर्यंत सहा हजार झाले!’ हे दर दुसरीच्या तोंडून ऐकू येतं. महिन्याचा खर्च वहीत मांडणाऱ्या बाईला ही गोष्ट टोचते, आणि ती टोचायलाच हवी. आपली भाजीवाली मेथीची जुडी वीसला देते आणि वर दोन मिरच्या, चार काड्या कोथिंबीर टाकते. स्वस्त विमानाचा धंदा बरोबर याच्या उलटा आहे. जुडी स्वस्त, पण मिरचीचे वेगळे, काडीचे वेगळे, आणि पिशवी लागत असेल तर तिचे वेगळे!

ही तऱ्हा निघाली अमेरिकेत. साउथवेस्ट नावाच्या कंपनीनं १९७१ साली टेक्सासमध्ये साधी, बिनथाटाची, कमी भाड्याची विमानं सुरू केली. (गंमत म्हणजे याच कंपनीनं पुढे कित्येक वर्षं दोन बॅगा फुकट नेऊ दिल्या, आणि २०२५च्या मे महिन्यात तीही सवलत बंद केली.) आपल्या देशात हे धाडस केलं कॅप्टन गोपीनाथ यांनी. लष्करातून निवृत्त होऊन शेती करणाऱ्या या गृहस्थांनी २००३ साली बंगळूरहून एअर डेक्कन सुरू केली. विमानात जेवण फुकट नाही, थाटमाट नाही, पण रेल्वेच्या वरच्या वर्गाचं भाडं देणाऱ्यालाही आकाश दिसेल, असा त्यांचा हिशेब होता. एक रुपयाच्या तिकिटाच्या त्यांच्या जाहिराती तुमच्यापैकी काहींना आठवत असतील. ती कंपनी पुढे टिकली नाही, पण वाट पडली. २००५ मध्ये स्पाइसजेट आली, २००६ मध्ये इंडिगो, २०२२ मध्ये आकासा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर या पद्धतीत मुळात लबाडी नाही. जी बाई एक पिशवी घेऊन, घरून जेवून, मिळेल त्या जागी बसून जाते, तिनं दुसऱ्याच्या तीन बॅगांचे आणि गरम नाश्त्याचे पैसे का म्हणून भरावेत? लबाडी असते ती आपल्याला नको असलेली गोष्ट आपल्या नकळत पिशवीत टाकण्यात. आणि तिथे आपण जागं राहायचं.

आता हिशेबाकडे वळू. धरा, तुम्ही, यजमान आणि दोन मुलं बंगळूरला निघालात. माणशी ३,८०० म्हणजे तिकिटाचे झाले १५,२००. मग जागा निवडायचे माणशी ३००, विम्याचे २००, खाण्याचे ४०० आणि पैसे भरण्याच्या ‘सोयीचे’ ३५०. एकूण झाले वरचे ५,०००, आणि तेही एका बाजूचे! हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. कंपनीगणिक आणि दिवसागणिक ते बदलतात. पण यातला ‘सोयीचा’ आकार सोडला, तर बाकीचे ३,६०० रुपये असे आहेत की ते द्यायचे की नाही हे सर्वस्वी तुमच्या हातात आहे. जाऊन-येऊन ७,२००. त्यात मुलीच्या घरी नेण्यासारखं काय काय येईल ते तुम्हीच ठरवा.

त्याहीआधी एक पाहा. नगर शहरात राहणारीला तीन दिशांना विमानतळ आहेत. काकडी, पुण्याचं लोहगाव आणि छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा. पुण्याहून तिकीट सातशेनं स्वस्त दिसलं म्हणून उडी मारू नका. पहाटेचं विमान असेल तर रात्री भाड्याची मोटार करावी लागते, तिचा टोल, ड्रायव्हरचा चहा, आणि पुण्यात लवकर पोचून काढलेले तीन तास हे सगळं तिकिटातच धरायचं. चौघं असाल तर मोटारीचा खर्च वाटला जातो. एकटी असाल तर तोच खर्च तिकिटाच्या उरावर बसतो. संगमनेर-अकोल्याकडच्या बायकांनी नाशिकचं ओझरही पाहून ठेवावं. उलट काकडीहून विमानं मोजकीच, आणि वेळापत्रक बदलत असतं. तेव्हा आधी विमान आहे का ते बघा, मगच शेजारणीला सांगा.

तिकीट बहुतेक घरांत मुलगा काढतो किंवा जावई काढतो आणि मोबाईलवर धाडून देतो. काढू द्या, पण काढताना तुम्ही शेजारी बसा. याचं पहिलं कारण तुमचं नाव. आपल्याकडे किती जणींचं आधार कार्ड अजून माहेरच्या नावावर आहे! घरात हाक वेगळी, बँकेत नाव वेगळं, लग्नात बदललेलं नाव आणखी वेगळं. मुलगा आपला कौतुकानं ‘आई’चं सासरचं नाव टाकतो, आणि दारावरचा जवान ओळखपत्र पाहून थांबवतो. तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, म्हणजे ऐन वेळी नवं काढणं आलं, तेही त्या दिवशीच्या चढ्या भावानं. म्हणून ओळखपत्र समोर ठेवून, त्यावर जसं आहे तसं नाव, अक्षर न् अक्षर. चूक झालीच तर घाबरू नका. कंपनीकडूनच थेट तिकीट काढलं असेल आणि २४ तासांच्या आत कळवलं, तर तीन अक्षरांपर्यंतची दुरुस्ती फुकट करून द्यायची असा नियम आहे. तसंच प्रवासाला सात दिवसांहून जास्त अवधी असताना काढलेलं तिकीट निदान पहिल्या २४ तासांत दंडाशिवाय रद्द करता येतं. तेव्हा तिकीट आलं की ते त्याच रात्री वाचा. प्रवासाच्या आदल्या दिवशी नाही.

दुसरं कारण ते चौकोन. पैसे भरायच्या आधी पडद्यावर पाच-सहा पानं येतात. विमा घ्या, जागा घ्या, लवकर चढायची सोय घ्या, खाणं घ्या. कुठे आधीच खूण केलेली असते, कुठे ‘नको’ हे अक्षर मुंगीएवढं असतं. विमा नाकारताना ‘मी असुरक्षित राहीन’ अशा अर्थाचं वाक्य दाबायला लावायचे! सुवासिनीनं प्रवासाच्या आधी असं काही दाबावं का हो? बोट आपोआप विम्याकडेच जातं. ग्राहक संरक्षणाच्या केंद्रीय प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा युक्त्यांविरुद्ध नियम काढले. लाज किंवा भीती घालून विकणं आणि न विचारता गाठोड्यात वस्तू सरकवणं, दोन्ही अयोग्य ठरवलं. आणि विमानतिकिटावरच्या विम्याचं हे वाक्य त्यात उदाहरण म्हणूनच दिलेलं आहे. तरी शेवटच्या पानावरची बेरीज आपण स्वतः करायची. वाण्याचं बिल तपासतो तशी.

जागेचं पाहू. ‘जागा निवडा’ म्हणून विमानाचा नकाशा येतो आणि प्रत्येक खुर्चीवर किंमत. पुष्कळांना वाटतं की निवडली नाही तर उभंच राहावं लागेल! तसं काही नाही. विमानात उभं कुणालाच ठेवत नाहीत. निवड न करता पुढे गेलात तर कंपनी आपणहून एक खुर्ची देते, फुकट. फार तर ती मधली असेल, मागची असेल. दीड तासाच्या प्रवासाला मधली खुर्ची मला तरी कधी जड गेलेली नाही. पण लहान मूल बरोबर असलं की आईचा जीव तुटतो, आणि इथेच आपण गपकन पैसे देतो. ते द्यायची गरज नाही. एप्रिल २०२४ मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयानं कंपन्यांना सांगितलं आहे की, एकाच तिकिटावर प्रवास करणाऱ्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडील किंवा पालक यांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा दिलीच पाहिजे. यातले ‘एकाच तिकिटावर’ हे शब्द लक्षात ठेवा. तुमचं आणि मुलांचं तिकीट मुलानं काढलं आणि यजमानांचं ऑफिसनं काढलं, असं झालं तर मुलं तुमच्या तिकिटावर आहेत ना ते बघा. आणि कुणी ऐकलं नाही तर तिथल्या माणसाला हा नियम शांतपणे सांगा. आवाज चढवायची गरज पडत नाही.

घरूनच मोबाईलवर हजेरी लावायची, म्हणजे वेब चेक-इन करायचं, याला पैसे पडत नाहीत. ते आधी उरकलं की रांग वाचते. पण ज्यांना ते जमत नाही त्यांच्याकडून खिडकीवर बोर्डिंग पास देताना दोनशे रुपये घेतले जात. २१ जुलै २०२२ रोजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं स्पष्ट केलं की, खिडकीवर बोर्डिंग पास देण्यासाठी वेगळा आकार घेता येणार नाही. तेव्हा मोबाईल न वापरणाऱ्या सासूबाईंना उगीच ओशाळं वाटायला नको. वेळेचं मात्र कडक पाळा. देशातल्या विमानाची खिडकी साधारण सुटण्याच्या एक तास आधी बंद होते, आणि नगर-मनमाड रस्त्याचा भरवसा काय, ते मी तुम्हाला सांगायला नको.

आणि आता खरं दुखणं, वजन. साधारणपणे विमानाच्या पोटात जाणारी बॅग १५ किलो आणि हातातली ७ किलो. फेब्रुवारी २०२१ पासून तर पोटातली बॅगच नको म्हणणाऱ्याला तिकीट स्वस्त द्यायचीही मुभा कंपन्यांना आहे. म्हणजे सर्वांत स्वस्त तिकीट दिसलं तर त्यात १५ किलो धरलेत की नाही, ते आधी वाचायचं. वरच्या प्रत्येक किलोला काहीशे रुपये मोजावे लागतात. चार किलोंच्या मेथी-डिंकाच्या लाडवांना दोन हजारांहून जास्त दंड पडला, तर ते लाडू काय भावानं पडले?

मुलगी बाळंत व्हायची आहे, तिच्याकडे दोन महिन्यांसाठी निघालेली आई खिडकीशी बॅग उघडून बसली आहे, हे चित्र मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलं आहे. जमिनीवर लुगडी, बाळंतविडा, डिंक, अळीव, तुपाचा डबा पसरलेला. मागे रांग खोळंबलेली. जावयाला फोन लागत नाही. पैसे असतात हो तिच्याजवळ. पण चारचौघांत आपलं गाठोडं सोडायला लागणं बाईच्या जिव्हारी लागतं. हे टाळायचं तर तयारी घरीच करावी लागते.

पहिलं म्हणजे बॅग. लग्नात मिळालेली ती जाडजूड सुटकेस नुसतीच चार-पाच किलो भरते. कापडी, हलकी बॅग घ्या. तिथेच दोन-तीन किलो वाचले. वजनकाटा नसेल तर आकड्याला लटकवायचा छोटा काटा बाजारात मिळतो, नाहीतर रद्दीवाल्याकडचा चालेल. एक युक्ती अशी की, आधी स्वतः काट्यावर उभ्या राहा, मग बॅग उचलून उभ्या राहा, आणि वजाबाकी करा. (पहिला आकडा कुणाला सांगायची सक्ती नाही.) बॅग चौदाच्या आतच ठेवा, आपला काटा आणि त्यांचा काटा यांचं जमतंच असं नाही. जाड स्वेटर, शाल, जड चपला अंगावर घालून जा.

काही कंपन्या १५ किलो एकाच नगात मागतात. सात-सात किलोंच्या दोन पिशव्या केल्यात, वजन कमी भरलं तरी जास्तीच्या नगाचे पैसे लागतात. आपल्या बायकांना चार लहान पिशव्या करायची सवय, त्यामुळे इथे फसायला होतं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला वेगळी खुर्ची नसली तरी त्याचा आकार असतोच, आणि त्याच्या नावावर सामान मात्र बहुधा नसतं. जन्मदाखला जवळ हवा. लेक दिवस गेलेली असताना इकडे यायची असेल, तर सातव्या महिन्यानंतर डॉक्टरांचा दाखला मागतात, हेही आधीच विचारून ठेवा. आणि वजन जास्त होणारच हे माहीत असेल तर जास्तीचे किलो आधीच, घरी बसून विकत घ्या. खिडकीवरच्या भावापेक्षा ते बहुधा स्वस्त पडतात. त्याहून स्वस्त हवं, तर पोळपाट-लाटणं आणि गव्हाचं पीठ बंगळूरलाही मिळतं, एवढं मनाला समजवा!

काय कुठे ठेवायचं, यातही पैसा आणि वस्तू दोन्ही जातात. लोणचं हातातल्या पिशवीत चालत नाही. बरणी मेणकापडात बांधून, स्टीलच्या डब्यात घट्ट बसवून मोठ्या बॅगेत. लाल तिखट, काळा मसाला, तूपही तिकडेच. आजीबाईंचा अडकित्ता, विणकामाची कात्री, भाजी चिरायची सुरी यांनाही हातात जागा नाही. उलट मोबाईलची पॉवर बँक मोठ्या बॅगेत मुळीच ठेवायची नाही, ती हातातच. काड्यापेटी आणि लायटर कुठेच नको.

सुक्या खोबऱ्याची वाटी हातातही नाही आणि पोटातही नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून ही मनाई. अख्खा नारळही हातातल्या पिशवीत चालत नाही. शबरीमलैला जाणाऱ्या भाविकांसाठी २०२२ च्या नोव्हेंबरात त्यांच्या पूजेच्या गाठोड्यातल्या नारळाला थोड्या दिवसांची सूट द्यावी लागली होती, यावरूनच नियम किती पक्का ते कळेल. शिर्डीहून कुणाला प्रसाद द्यायचा तर उदी आणि लाडू द्या. नारळ दर्शनाच्या दिवशीच फोडून घरच्यांत वाटून टाका. आणि ओटीत आलेला नारळ? तो निघायच्या आधी आईच्या देवघरात ठेवून द्यावा. दारावर तो टोपलीत टाकताना जे वाटतं, ते वाटायला नको.

खाण्याबद्दल फार सांगत नाही. घरचं नेता येतं. दशम्या, कोरडी भाजी, चिवडा, गूळपोळी यांना कुणी अडवत नाही. रसदार काही नको, इतकंच. पाण्याची बाटली रिकामी न्या आणि तपासणी झाल्यावर आत नळावर भरून घ्या. विमानतळावरच्या चहाची किंमत ऐकून घोट घशाखाली उतरत नाही, ही तक्रार सरकारच्याही कानी गेली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्याच्या विमानतळावर दहा रुपयांत चहा आणि वीस रुपयांत समोसा देणारं उपाहारगृह त्यातूनच निघालं. आपल्या वाटच्या विमानतळावर असं काही दिसतं का, ते बघत चला.

विमान लांबलं किंवा रद्द झालं तर? काकडीला २०१९ च्या नोव्हेंबरात धूसर हवेमुळे विमानं बंद ठेवावी लागली होती. आणि २०२५ च्या डिसेंबरात देशभर इंडिगोची विमानं शेकड्यांनी रद्द झाली, तेव्हा लग्नाला निघालेली वऱ्हाडंसुद्धा अडकली. अशा वेळी खुर्चीत हात बांधून बसू नका. छोट्या पल्ल्याचं विमान दोन तासांहून जास्त लांबलं तर खाण्यापिण्याची सोय कंपनीनं करायची असते, मागा. सहा तासांहून जास्त लांबणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतलं काय हवं ते तुम्ही ठरवायचं. आणि तुम्हीच तिकीट रद्द केलंत, किंवा चुकून विमान गेलं, तरी सगळं बुडालं असं नाही. मूळ भाडं आणि इंधनाचा आकार याहून जास्त कंपनीला कापता येत नाही. सरकारी कर आणि विमानतळाचे आकार परत द्यावेच लागतात. ‘हे तिकीट परत होत नाही’ असं लिहिलेलं असलं तरीही. ही रक्कम कधी पाच-सातशे रुपये असते. कुणी मागत नाही, म्हणून ती तशीच पडून राहते. कंपनीनं दाद दिली नाही तर सरकारची ‘एअरसेवा’ आहे, ग्राहकांसाठी १९१५ हा फोन आहे. तिकीट, बोर्डिंग पास आणि जास्तीच्या पैशांच्या पावत्या घरी पोचेपर्यंत फाडू नका.

येतानाचं एक सांगायचं राहिलं. जाताना बॅगेत असलेले लाडू आणि लोणचं तिथेच संपतं, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण लेक काही आईला रिकामी पाठवत नाही. निघायच्या आदल्या रात्री साडी निघते, कॉफीची पुडी निघते, नातवानं आजोबांसाठी घेतलेली टोपी निघते. तेव्हा काटा तिच्याकडेच ठेवून येऊ नका, परतीच्या बॅगेसाठी तो लागणार आहे.